सातबारा नाही, म्हणून दुःखही नाही काय?



कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे हिंगोली तालुक्यातले गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. येणारे भाविक देऊळ पाहून परततात. पण अशा गावांतून बिनजमिनीच्या मजुराच्या घरात कोणाला रात्र-रात्र झोप लागत नाही, हे कोण पाहणार? सोयाबीन निघाले की मजुरी आटते. उचल घेऊन तरणी माणसे ऊसतोडीला जातात, कोणी पुण्या-मुंबईला. मागे राहतात म्हातारी माणसे, लेकरे आणि सावकाराचे देणे.

शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून शासनाने २०१५ साली मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात हिंगोलीही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखायचा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचा, अशी ती योजना. काम चांगलेच! परंतु शेतकरी आत्महत्येनंतरच्या शासकीय मदतीसाठी कुटुंबाच्या नावे जमीन लागते. सातबारा नाही, त्या मजुराची विधवा त्यात बसत नाही. आणि सरकारी नोंद काय सांगते? २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. म्हणजे मजूरच जास्त!

तेव्हा एकमेकांची विचारपूस आधी आपणच केली पाहिजे. वर्षावासात तीन महिने आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतो. कोण आले, कोण चार दिवस दिसले नाही, हे आयाबायांना बरोबर माहीत असते. हीच नजर बाराही महिने ठेवा.

दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, जेवण तुटले, माणूस कोपऱ्यात बसून राहतो, दारू वाढली, 'माझा सगळ्यांना भार झाला' असे बोलतो, तर उद्यावर टाकू नका. जवळ बसा. 'जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. 'मन घट्ट कर' हा उपदेश नको. कर्ज, बेकारी, जातीवरून झालेला अपमान यांनी खचणे हा दुबळेपणा नव्हे. त्याचे ऐकून घ्या. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि त्याला एकटे सोडू नका.

करणी-भानामती म्हणून देवऋष्याकडे पैसे घालवू नका. आशाताईला सांगा, सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतूनही बोलता येते. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. गोळ्या लागल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पोलिसांच्या भीतीने तर कोणी दवाखाना टाळूच नये. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो. त्याची काळजी आणि उपचार हे शासनाचे कर्तव्य आहे, असेही तो सांगतो.

जलदानाला अख्खी वस्ती जमते. माणूस जिवंत असताना त्याच्या ओट्यावर दोघे जण तरी जाऊन बसा. आज संध्याकाळी आपल्या गल्लीत कोण दिसले नाही, ते आठवा. आणि त्याच्या दारी जा.

जयभीम!