पासवरचा फोटो पुरे झाला

दोस्तांनो, एक हिशेब करा. तुमच्या आज्याचे घरात फोटो किती? बापाचे किती? त्यातले कामासाठी काढलेले वजा करा. पास, रेशनकार्ड, जातीचा दाखला, भिंतीवरची हार घातलेली फ्रेम. काय उरलं? आमच्या लायनीत तर कितीतरी घरांत म्हाताऱ्याचा एकच फोटो सापडतो, गोदीच्या पासवरचा. डोळे ताठ, मान ताठ, कोपऱ्यावर शिक्का. सरकारला, मुकादमाला आणि स्मशानातल्या कारकुनाला ओळख पटावी म्हणून काढलेले फोटो, हाच आपला अल्बम.

आणि दुसरीकडं काय चाललंय? रविवार उजाडला की लाखाच्या लेन्सा गळ्यात अडकवून हौशी फोटोवाले भाऊच्या धक्क्यावर, धोबीघाटावर, धारावीत उतरतात. हमालाच्या पाठीवरचा घाम, म्हातारीच्या सुरकुत्या, पोराचं शेंबडं नाक. टिपलं की चालले. मग प्रदर्शन, मग बक्षीस. फोटोखाली नाव फोटो काढणाराचं. ज्याची पाठ त्याचं नाव कुठंच नाही.

ही रीत काही आजची नव्हे. इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ ह्या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. संपादक जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम केय. आत चारशेवर फोटो. सत्तावनच्या बंडानं हादरलेल्या सरकारला आपली रयत ओळखून ठेवायची होती. म्हणून जातवार, जमातवार माणसं उभी केली, फोटो घेतले, शेजारी त्या जातीचा 'स्वभाव' लिहिला. कोण राजनिष्ठ, कोण चोर, कोण आळशी. माणसाचं नाव क्वचितच. इंग्रज गेला, तरी आपल्याकडं बघणारा तो डोळा इथंच राहिला.

आता काळ्या कातड्याची गोष्ट ऐका. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची. त्यावर गोरी बाई. तिला 'शर्ली' म्हणत. ती नीट उतरली की रंग बरोबर. काळी माणसं त्या हिशेबात नव्हतीच, त्यांचे चेहरे काळोखात बुडायचे, दात आणि डोळे तेवढे दिसायचे. १९७० च्या दशकात तक्रारी आल्या त्या चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या. त्यांच्या मालाचा तपकिरी रंग नीट उमटत नव्हता. तेव्हा कुठं कंपनीला जाग आली. कपाटाच्या लाकडाला जेवढी किंमत होती तेवढी माणसाच्या कातड्याला नव्हती.

आणि कामगारांनी काय केलं तेही ऐका. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स हे दोघे काळे कामगार होते. आपल्या कंपनीचं झटपट फोटो काढणारं यंत्र दक्षिण आफ्रिकेत काळ्यांचे पास बनवायला वापरलं जातं हे त्यांच्या ध्यानात आलं. तो पास खिशात नसला की काळ्या माणसाला थेट तुरुंग. ह्या दोघांनी पत्रकं चिकटवली, संघटना उभारली, बहिष्काराची हाक दिली. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. पण १९७७ साली पोलरॉइडला तिथला धंदा गुंडाळावा लागला. आपल्या हातून तयार होणारा माल कुणाच्या गळ्याचा फास होतोय, असं विचारणारे ते कामगार. आपण काय विचारतो? नवा मॉडेल कधी येतोय?

मला म्हणायचंय ते सरळ आहे. कॅमेरा आपल्या हातात पाहिजे, आणि तो आज घेता येतो. 'पैसा नाही' ही सबब आता पोकळ आहे. जी पोरं हप्त्यावर नवा फोन घेतात त्यांनी तर ती देऊच नये.

गॉर्डन पार्क्स हा काळा माणूस रेल्वेच्या डब्यात वेटर होता. १९३७ साली सिएटलमध्ये गहाणाच्या दुकानातून त्यानं फोक्टलेंडर ब्रिलियंट हा स्वस्तातला कॅमेरा घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. १९४२ साली त्यानं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसन ह्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. तो फोटो आजही अमेरिकेच्या छातीवर बसलाय. आणि हत्यार काय, तर गहाणातला कॅमेरा आणि स्वतःची नजर.

इथं बोरा बाजारात जा, चोरबाजारात जा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा निकॉन डी ३१०० किंवा कॅनन ११०० डी हा जुना डीएसएलआर बऱ्या फोनपेक्षा कमी पैशात मिळतो. बाजारानं तो मोडीत काढलाय, काम मात्र पुरं करतो. घेताना लेन्स उजेडाकडं धरून आत बुरशीची जाळी आहे का बघा, मुंबईच्या पावसाळ्यात ती हटकून धरते. शटर किती वेळा पडलंय ते विचारा, ह्या स्वस्त मॉडेलांचं आयुष्य साधारण लाखभर झटक्यांचं धरतात. घरी आणला की झाकण घट्ट बसेल अशा डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुढं पैसे जमले तर ५० एमएमची १.८ ची एकच लेन्स घ्या. खोलीतल्या एका बल्बवरही ती चेहरा पकडते.

नंतर फोटो घडवायचं सॉफ्टवेअर. इथं आपली पोरं दोन चुका करतात. एक तर ॲडोबीचं महागडं सॉफ्टवेअर चोरून क्रॅक करून टाकतात. २०१३ पासून त्या कंपनीनं विकणं बंद करून भाडं सुरू केलंय, म्हणजे दर महिन्याला पैसे मोजा नाहीतर चोरी करा. दुसरी चूक, फोनच्या गोरं करणाऱ्या फिल्टरावर सगळं सोपवतात. दोन्हींची गरज नाही. 'गिंप' आहे, दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केलेलं. 'डार्कटेबल' आहे, 'रॉथेरपी' आहे. फुकट तर आहेतच, शिवाय कुणालाही वापरायला, उघडून बघायला, बदलायला, वाटायला मोकळी. डार्कटेबलला कॉम्प्युटर जरा दमदार लागतो. जुन्या खटाऱ्यावर आधी रॉथेरपी चालवून बघा. कॉम्प्युटरच नसेल तर फोनवर 'स्नॅपसीड' फुकट आहे.

हा सार्वजनिक पाणवठा आहे, दोस्तांनो. पाणवठे खुले करायचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ सालीच झाला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. कागदावरचं पाणी तहान भागवत नाही. हे तळं उघडं आहे, वाटेत काठ्या घेऊन कुणी उभं नाही, आणि आपण रात्री चोरून दुसऱ्याच्या हौदावर जातोय!

सहा डिसेंबरला दादरला जाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. कॅमेरा बिनडोक असतो. समोर पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे दिसले की तो उजेड फार समजतो आणि सगळं अंधारं करतो, आपले चेहरे कोळसा होतात. म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक टप्पा वर घ्या. निळे झेंडे फ्रेमभर आले की त्याला निळं फार वाटतं, तो पिवळं ओततो, माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. म्हणून व्हाइट बॅलन्स स्वतःच्या हातानं उन्हावर लावा. फोटो रॉ फाइलीत काढा, म्हणजे नंतर सावलीतला चेहरा वर काढता येतो. पण वर काढायचा म्हणजे गोरा करायचा नव्हे. काळ्या कातड्यावर उन्हाची जी झाक असते ती तशीच ठेवा. आईला गोरी करणाऱ्या पोरानं जातीअंताची भाषणं ठोकू नयेत.

काढायचं काय? गोदीच्या आत कॅमेरा नेता येत नाही, कायदा आहे. पण पाळी सुटल्यावर गेटाबाहेर चहा पिणारी माणसं आपलीच आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागं वर्षं घातली, तमिळनाडूत पळणी कुमार गटारात उतरणाऱ्यांचे फोटो काढत राहिला. त्या वाटेनं जा. आधी विचारा, मग काढा. खाली माणसाचं नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. त्याला नाव नको असेल तर नका लिहू, ती त्याची मर्जी. एक प्रत त्याच्या घरी पोचवा. वस्ती तोडताना, मार खाल्लेल्या माणसाचे वळ टिपताना मूळ फाइलीला हात लावू नका. जे घडवायचं ते दुसऱ्या प्रतीवर. मूळ फाइल पुराव्याला लागते.

आणि सगळेच फोटो दुःखाचे नकोत. आपल्या दुःखाचं दुकान दुसऱ्यांनी पुष्कळ चालवलं. हसणारा बाप काढा. नवी साडी नेसलेली आत्या काढा. पुस्तकात डोकं घालून बसलेली बहीण काढा. चौघांनी वर्गणी काढून एक कॅमेरा घ्या, पाळीपाळीनं वापरा.

पुढच्या सहा डिसेंबरच्या आत प्रत्येक वस्तीत एक कॅमेरा. चला, वर्गणीची वही उघडा.

जय भीम.