भिवंडी परिसरातील ग्रंथालयांच्या सूचींचा एकत्रित ऑनलाइन शोध : निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी महोदय

विषय : एकत्रित शोधसुविधा आणि जुन्या फॉन्टमधील ग्रंथनोंदींचे रूपांतर यांबाबत स्मरणपत्र

एकत्रित शोध म्हणजे ग्रंथाचे वा लेखकाचे नाव एकदाच टाकून अनेक ग्रंथालयांच्या सूची आणि माहितीसाठे एका वेळी धुंडाळणे. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे १९९६ पासून असे साधन चालू आहे. त्याच्याकडे स्वतःच्या नोंदी नाहीत. वाचकाची विचारणा ते निरनिराळ्या सूचींकडे पोहोचवते आणि आलेली उत्तरे एकत्र मांडते. भारतात आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेत प्रबंध मिळतात आणि इंडकॅट ही विद्यापीठ ग्रंथालयांची संयुक्त सूची आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटात कोणते मराठी पुस्तक आहे, हे मात्र भिवंडीच्या वाचकाला यांपैकी कोठेही नीट कळत नाही.

भिवंडी मुंबईच्या मुख्य लोकल मार्गावर नाही. भिवंडी रोड हे स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे, त्यामुळे कल्याणचे १८६४ चे सार्वजनिक वाचनालय किंवा ठाण्याचे १८९३ चे मराठी ग्रंथसंग्रहालय गाठायचे तर एसटी नाहीतर रिक्षा. यंत्रमागावर पाळी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक तेथे आहे की नाही एवढे पाहण्यासाठीसुद्धा खाडा करावा लागतो. ही बाब यापूर्वीच्या प्रत्येक निवेदनात मांडली आहे आणि प्रत्येक वेळी ती ‘नोंद घेण्यात आली’ या शेऱ्यासह परत आली आहे.

सर्वांत मोठी अडचण नोंदींची आहे. अनेक वाचनालयांनी ग्रंथनोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केल्या. अशा नोंदीत पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाने साठवलेले असते ते रोमन कळीचे चिन्ह. वाचक युनिकोडमध्ये नाव टाकतो तेव्हा पुस्तक कपाटात असूनही उत्तर शून्य येते. ‘पुस्तक नाही’ या उत्तरापेक्षा हे खोटे शून्य अधिक घातक, कारण त्यावर विश्वास ठेवून वाचक शोध सोडून देतो.

फॉन्ट बदलल्यानेही काम संपत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले; त्याआधीच्या नोंदींत ते ‘अ’वर चंद्र देऊन साधलेले आहे. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला वेगळी वाटतात. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, तेथेही हीच गत. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीचे नाव मुखपृष्ठावर ‘ययाति’ आहे, आजचा विद्यार्थी ‘ययाती’ लिहितो. लेखकाचे नाव कोठे आद्याक्षरांनी, कोठे पूर्ण, कोठे आडनाव आधी, तर कोठे रोमन लिपीत. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसल्यामुळे एकाच ग्रंथाच्या नोंदी जुळवायलाही आधार उरत नाही. शहरात उर्दूचा वाचकवर्ग मोठा आहे. अरबी आणि फारसी कळफलकांवरचा ‘ये’ संगणकाला दोन भिन्न अक्षरे वाटतो, त्यामुळे उर्दू शोधही असाच फसतो.

फॉन्ट-रूपांतराचे काम ‘प्रगतिपथावर’ असल्याचे लेखी उत्तर पूर्वी मिळाले होते. पुढच्या पत्रात तेच काम ‘विचाराधीन’ झाले. प्रगतिपथावरून विचाराधीनतेकडे झालेल्या या प्रवासाचा खुलासा अद्याप मिळालेला नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय सिद्ध केली, याचे येथे स्मरण द्यावेसे वाटते. तेव्हा रूपांतराचे काम तत्काळ सुरू करावे. यंत्राने बदललेली प्रत्येक नोंद मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाकडून तपासून घ्यावी आणि लेखकनामांची पर्यायी रूपे एकमेकांशी जोडणारी प्रमाण यादी तयार करावी. ही यादी उर्दूसाठीही हवी.

शोधाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विचारणा त्या क्षणी प्रत्येक सूचीकडे जाते, झेड ३९.५० हा संकेत त्यासाठीच आहे. यात सर्वांत मंद सूची सगळ्यांना थांबवते, आणि संध्याकाळी संगणक बंद करून कुलूप लावणारे वाचनालय उत्तरच देत नाही. दुसरीत सर्व नोंदी ठरावीक वेळाने गोळा करून एक मध्यवर्ती निर्देशांक केला जातो. ओएआय-पीएमएच ही त्याची रूढ रीत. पुस्तक आत्ता उपलब्ध आहे की बाहेर गेले आहे, हे यात थोडे उशिरा कळते, पण छोट्या वाचनालयांना हीच पद्धत झेपेल. एनआयसीची ई-ग्रंथालय ही प्रणाली आणि कोहा ही मुक्त प्रणाली हाताशी आहेत. त्यामुळे निधीअभावी नवी प्रणाली घेता येत नाही, हे मागील उत्तर पटणारे नाही. प्रणाली मागितलेलीच नाही; नोंदी मागितल्या आहेत.

याखेरीज शोधपृष्ठ मोबाइलवर नीट उघडावे, तेलुगू व हिंदी नोंदीही त्यात याव्यात आणि आंतरग्रंथालय देवघेवीचा अर्ज तेथूनच भरता यावा.

रूपांतराचे काम कोणाकडे सोपवले आहे आणि ते कोणत्या तारखेस पूर्ण होईल, एवढ्या दोन बाबींचे लेखी उत्तर द्यावे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य यापूर्वीच्या पत्रांतून प्राप्त झालेले असल्याने पुन्हा पाठवू नये, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
भिवंडी परिसरातील वाचक व विद्यार्थी