गार्ड वर घ्या, आजोबा!

महंमद अली १९८१मध्ये शेवटची लढत खेळला आणि १९८४मध्ये डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं. डोक्यावर झेललेल्या ठोशांचा त्यात वाटा किती, यावर पुष्कळ वाद झाले. पण बॉक्सिंग आणि कंपवात ही जोडी लोकांच्या मनात बसली ती बसलीच. त्यामुळे सिंगापुरातल्या एखाद्या मराठी घरात फिजिओथेरपिस्टने सत्तरीतल्या आजोबांना बॉक्सिंगचा वर्ग सुचवला, की आधी सूनबाई दचकते आणि रात्री पुण्याहून काळजीचा फोन येतो.

दचकायचं कारण नाही. या वर्गात प्रतिस्पर्धीच नसतो. ठोसा बसतो तो टांगलेल्या बॅगेवर किंवा प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर. उलटून कोणी मारत नाही. सुरुवात झाली अमेरिकेत, इंडियानापोलिसला. तिथले माजी सरकारी वकील स्कॉट न्यूमन यांना चाळिशीतच या आजाराने गाठलं. बॉक्सिंग खेळलेल्या एका मित्राने त्यांच्याकडून कसून सराव करून घेतला, त्यांना फरक जाणवला आणि २००६मध्ये ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ ही संस्था उभी राहिली. तिच्या पद्धतीचे वर्ग आज अनेक देशांत भरतात.

पण बॉक्सिंगच का? पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी घटत जातात आणि एरवी आपसूक होणाऱ्या हालचाली अडखळू लागतात. पाऊल आखूड पडतं, चालताना हात हलत नाही, अक्षर बारीक होतं, आवाज तोंडातल्या तोंडात राहतो. गंमत अशी, की बाहेरून इशारा मिळाला तर तेच शरीर बरंच ऐकतं. दारात खिळून राहिलेला माणूस जमिनीवर आखलेल्या पट्ट्या ओलांडत चालू लागतो. बॉक्सिंगच्या वर्गात अशा इशाऱ्यांची सरबत्तीच असते. प्रशिक्षक ओरडतो, ‘एक-दोन!’ एक म्हणजे जॅब, दोन म्हणजे क्रॉस. आकडा ऐकायचा, लक्षात ठेवायचा, पाय सरकवायचा, कमरेतून वळायचं आणि हात पुरता लांबवून ठोसा हाणायचा. आकडा स्वतःही मोठ्याने म्हणायचा, म्हणजे घशालाही कसरत. हाताला पट्टी गुंडाळणं हा तर स्वतंत्र व्यायाम. शर्टाच्या बटणाशी झगडणाऱ्या बोटांना विचारा! जमिनीवर बसून आधाराविना उठण्याचा सरावही पुष्कळ ठिकाणी घेतात.

उत्साहाला थोडा लगाम हवा. इंडियानापोलिस विद्यापीठातल्या स्टेफनी कोम्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये ३१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना बॉक्सिंग दिलं, काहींना नेहमीचा गटव्यायाम. सुधारणा दोन्हीकडे दिसली. चालण्याचा वेग आणि दम बॉक्सिंगवाल्यांचा वाढला, पण तोल सावरण्याचा आत्मविश्वास नेहमीच्या व्यायामवाल्यांनी अधिक कमावला. एवढ्याशा चाचणीवर जाहिराती रंगवू नयेत. जास्त वजनदार अभ्यास २०१८चा, आणि त्यात बॉक्सिंग नव्हतंच. औषध सुरू न झालेल्या १२८ रुग्णांपैकी जे ट्रेडमिलवर कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्के जोर लावून चालले, त्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथेच राहिली. नेहमीचीच दिनचर्या ठेवणाऱ्यांची वाढली. म्हणजे करामत ग्लोव्हजची नाही, धाप लागण्याची आहे. पण ट्रेडमिलचा कंटाळा येतो. ग्लोव्हज घातलेला माणूस पुढच्या आठवड्यातही येतो, शेजारच्याशी पैज लावतो. तेवढ्यासाठी तरी ते घालावेत.

सिंगापुरात हा प्रश्न लहान नाही. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५,००० रहिवाशांच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या दर हजारांत सुमारे तिघांना पार्किन्सन्स आढळला. चिनी, मलय आणि भारतीय यांच्यात फरक दिसला नाही. २०३०पर्यंत इथला दर चौथा नागरिक पासष्टीपुढचा असेल. बॉक्सिंगचा वर्ग म्हटला की डोळ्यांपुढे क्लब येतो, आणि क्लब म्हणजे फी, प्रवास, बहुधा जिनाही. त्यापेक्षा पार्किन्सन सोसायटी सिंगापूरचं उदाहरण बघावं. १९९६पासून काम करणाऱ्या या संस्थेचं केंद्र बिशानमध्ये आहे, एचडीबीच्या म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या इमारतीत, तळमजल्यावर. वर्गही अशाच जागी हवेत. बहुतेक जनता एचडीबीत राहते आणि वस्त्यावस्त्यांत ज्येष्ठांची ॲक्टिव्ह एजिंग सेंटर्स आहेत. रिंग लागत नाही, छताला बॅगा टांगायलाही नकोत. पॅडच्या चार जोड्या, भक्कम खुर्च्या आणि पार्किन्सन्स समजणारा प्रशिक्षक एवढं पुरे. मात्र आधी फिजिओथेरपिस्टने तोल, हाडं आणि हृदय तपासलेलं असावं. त्यात काटकसर नको.

काळजीच्या त्या फोनला उत्तर पुण्यातच आहे. तिथे नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना घेऊन वर्षानुवर्षं नृत्याचे वर्ग चालवले. आयुष्यात कधी ठेका न धरलेले आजी-आजोबा तिथे नाचले. तेव्हा ‘आपल्या माणसांना हे जमायचं नाही’ यात काही अर्थ नाही. अडचण घरच्या मायेची आहे. ‘तुम्ही बसा बाबा, मी आणते,’ असं म्हणत पाण्याचा पेला हातात येतो, चपला पायाशी येतात, आणि बाबांच्या दिवसातली उरलीसुरली हालचालही संपते. प्रशिक्षक नात्यातला नसतो. तो दमलेल्या माणसालाही ‘पुन्हा!’ म्हणू शकतो.

वर्गाची वेळ ठरवताना गोळीची वेळ आधी विचारावी. लेव्होडोपा या औषधाचा अंमल असतो तेव्हा पाय ऐकतात. तो उतरताना वर्ग ठेवला, तर पडण्याचाच धोका. आणि आजोबांना सोडायला आलेल्या हेल्परला बाहेर फोन बघत बसवू नये. तिलाही पॅड धरायला शिकवावं, म्हणजे वर्ग नसलेल्या दिवशी घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं ‘एक-दोन’ चालेल. शेजारी डोकावतील, डोकावू देत.