मेळघाटाला पार्टनर करायचं, तर हिस्सा द्या

आदिवासींचं काहीही विकायचं असलं की पॅकेटवर वारली चित्र छापायचं, ही आपली सवय. माल मेळघाटातल्या कोरकूंचा असला तरी. वारली पालघरकडचे, कोरकू सातपुड्यातले. ज्याला आपला पार्टनर कोण हेच माहीत नाही, त्याने पार्टनरशिपच्या गप्पा मारू नयेत.

आणि गप्पा तर भरपूर चालतात. सीएसआरच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये 'संधी' असते, 'सक्षमीकरण' असतं, शिलाई मशीन घेतलेल्या बाईचा हसरा फोटो असतो. माझ्या फील्डमध्ये स्टार्टअपची ऑफर आली की पोरगं आधी इसॉप विचारतं. कंपनी मोठी झाली तर माझा वाटा किती? हाच प्रश्न धारणीतल्या माणसाने विचारला की तो आपल्याला हावरा कसा काय वाटतो?

मुळात हिशेब जुना आहे. 2006 चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच कबूल करतो, की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे कुणा आंदोलकाचं भाषण नाही, संसदेने मंजूर केलेला मजकूर आहे. याच कायद्याने तेंदूपत्ता, बांबू, मध अशा गौण वनोपजावर मालकी दिली. म्हणजे समेटाची अट लिहून ठेवलेली आहे: मालकी.

ती मिळाल्यावर काय होतं, ते अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने दाखवलं. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड रानात लोकांनी झाडं राखली, वाढवली, तिथली सीताफळं स्वतःच्या ब्रँडने थेट मुंबईत विकली. 2014 मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हक्क मिळवला. तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. हक्क मिळाला, पण वाहतुकीचा कागद दुसऱ्याच्या खिशात असला की धंदाही त्याच्याच खिशात राहतो.

आता अकोल्याकडे या. व्याघ्रप्रकल्पातून उठवलेली काही गावं अकोट तालुक्यात वसवली. कबूल केलेल्या जमिनी आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही कुटुंबं परत जंगलात गेली, आणि जानेवारी 2019 मध्ये त्यांचा वनखात्याशी आणि पोलिसांशी संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. इकडे वाघ पाहायला पर्यटक पैसे मोजतात. वाघासाठी ज्याने घर सोडलं, त्याला त्या पैशात कायमचा हिस्सा का नाही? एकरकमी पॅकेज ही किंमत झाली, भागीदारी नव्हे.

"त्यांना धंदा जमत नाही," हे वाक्य आता येईलच. अडचणी खऱ्या आहेत. तेंदूपत्त्याचा स्वतः लिलाव करणाऱ्या काही ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांनी थकवलेही. पण पैसे बुडवले ठेकेदाराने आणि नालायक ठरली ग्रामसभा, हा कुठला न्याय? त्यावर उपाय आहे: बँक गॅरंटी, लेखी करार, हंगामाआधी खेळतं भांडवल. कॅनडातल्या ओंटारिओत हेन्वे इनलेट फर्स्ट नेशनकडे 300 मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पाची निम्मी मालकी आहे. तिथे जमिनीचं नुसतं भाडं देऊन भागवलं नाही.

मग चिखलदऱ्यात उद्या नवा रिसॉर्ट झाला, तर नोकऱ्या किती देणार हे विचारून थांबू नका. शेअर किती, संचालक मंडळावर ग्रामसभेची माणसं किती, आणि ग्रामसभा 'नाही' म्हणाली तर काम थांबेल का, हेही विचारा. आपल्यापैकी अनेकांना करार वाचता येतो, बॅलन्सशीट कळते, ॲप बनवता येतं. मेळघाटात जाऊन सेल्फीसोबत ब्लँकेटं वाटण्यापेक्षा एखाद्या ग्रामसभेचा करार सही होण्याआधी तिच्यासोबत बसून वाचू. फी घ्यायची असेल तर घ्या, बिल मात्र ग्रामसभेच्या नावाने फाडा. मालक ती आहे.