गोळ्यांची मोजणी आणि दुकानदाराची अमानत

कापडाच्या धंद्यात आम्हाला पहिला धडा मिळाला तो मोजण्याचा. मालेगावहून किंवा सुरतेहून आलेला ताका कापण्यापूर्वी मोजून घ्यायचा. ताक्यावर वीस मीटर लिहिलेले असेल आणि मोजणीत साडेएकोणीस भरले, तर त्याच दिवशी पेढीला कळवायचे. एकदा कात्री लागली की तक्रार संपली. हा रिवाज सर्व व्यापारी बांधव जाणतात. मात्र हाच व्यापारी मेडिकलमधून बाहेर पडताना औषधाची पिशवी न उघडताच खिशात घालतो. गेल्या वर्षापर्यंत आम्हीही त्यातलेच होतो.

आमच्या अम्मींना रक्तदाबाची एक गोळी रोज घ्यावी लागते. डॉक्टरांनी महिन्याच्या तीस गोळ्या लिहून दिल्या, मेडिकलवाल्याने तीसचे बिल केले, आम्ही पैसे दिले. पिशवीत मात्र दहा-दहाच्या दोनच स्ट्रिप होत्या. अम्मींनी कोणाला काही सांगितले नाही. मुलाला पुन्हा खर्च नको म्हणून त्या एक दिवसाआड गोळी घेऊ लागल्या. चक्कर येऊन त्या पडता पडता वाचल्या, तेव्हा आम्ही गोळ्या पाहिल्या आणि सारा हिसाब उघडा झाला.

बिल घेऊन आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चाचा, वीस दिवसांनी येऊन कमी दिल्या म्हणता, आम्ही कसे मानायचे?" आम्हाला संताप आला. पण खरे सांगायचे तर, आमच्या दुकानात कोणी शिवायला टाकलेले कापड घेऊन कमी भरले म्हणून आले, तर आम्हीही हेच बोलतो. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी आमच्याही गल्ल्यामागे आहे.

तेवढ्यात मालक आले. त्यांनी आमच्याकडे नव्हे, संगणकाकडे पाहिले. त्या गोळीचा शिल्लक साठा संगणकात चाळीस होता, खणात मोजल्या तर पन्नास निघाल्या. दहा गोळ्या त्यांच्याच खणात पडून होत्या. याच गोळीची पंधराचीही स्ट्रिप येते. मुलाने पंधराची समजून दोन स्ट्रिप दिल्या आणि बिल तीसचे केले. मालकांनी माफी मागून दहा गोळ्या हातात ठेवल्या. चूक कोणाकडूनही होते. परंतु ती ग्राहकाचा चेहरा पाहून नव्हे, साठा मोजून ठरवायची असते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कायदाही मोजणीच्या बाजूने आहे. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाची एकूण संख्या आणि घ्यावयाची मात्रा दोन्ही लिहिलेली असली पाहिजेत, आणि असे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. वैधमापन कायदा २००९ वजन आणि मापाबरोबर नगांची संख्याही धरतो. म्हणजे तीसचे पैसे घेऊन वीस देणे आणि मीटरमागे चार बोटे कापड कमी देणे, दोन्ही एकच. कुरआनात सूरह मुतफ्फिफीन कोणाविषयी आहे हे आपल्यातील प्रत्येक दुकानदार जाणतो, पण आपण ती तराजू आणि मीटरपट्टीपुरतीच समजतो. औषधाच्या दुकानात तर मालाबरोबर माणसाचा जीवही अमानत असतो.

२०११ ते २०१४ या काळात महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. पुढे ते नाशिकचे विभागीय आयुक्तही झाले. त्यांनी फार्मासिस्टची हजेरी आणि बिल यांचा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले होते. विक्रेत्यांच्या अडचणी असतील, आम्ही नाकारत नाही. पण आमच्या प्रकरणात बिलानेच दुकानाची इज्जत राखली. बिल नसते तर भांडण झाले असते आणि दोघेही खोटे ठरलो असतो.

म्हणून कारागीर आणि व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, चिठ्ठीवरचे इंग्रजी नाव आम्हालाही धड वाचता येत नाही. पण आकडा सर्वांना येतो. १-०-१ म्हणजे सकाळी एक, रात्री एक. पंधरा दिवसांच्या झाल्या तीस. अर्धी गोळी रोज असेल तर महिन्याच्या पंधरा. स्ट्रिप दहाची की पंधराची ते पाहा. काउंटरवरच मोजा, बिलाशी ताळा करा. कापून दिलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख राहिली आहे का, तेही बघा. माल अपुरा असेल तर बाकी किती ते बिलावर लिहून घ्या.

घरी गेल्यावर कमी भरल्या तर त्याच दिवशी फोन करा. स्ट्रिप आणि बिल जपून ठेवा. गोळ्या पुरवून पुरवून खाऊ नका. फिट्सच्या, स्टेरॉइडच्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे असते. चुकलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, मनानेच दुप्पट घेऊ नका. जास्त आल्या तर तेही सांगा. तो दुकानदाराचा माल आहे, आपली बरकत नव्हे. शिवाय नग जास्त आला तर औषधच दुसऱ्याचे आले नाही ना, ही शंका घ्यावी. दुकानदाराने ऐकलेच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण आधी शांतपणे साठा मोजायला सांगा.

आणि आपल्यापैकी जे मेडिकल चालवतात त्यांना विनंती, गोळ्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मोजा आणि आकडा तोंडाने सांगा. वणीच्या बाजारात सुरगाणा, कळवणकडच्या पाड्यांवरून माणसे एसटीने येतात. दहा गोळ्यांसाठी परत यायचे तर भाडे गोळ्यांहून जास्त होते. तो माणूस तक्रार करीत नाही, गोळी बंद करतो. दुकानदाराला वाटते, सर्व ठीक आहे.

आम्ही आमच्या दुकानातली ती पाटी काढली आहे. आता कोणी कापड कमी भरले म्हणून आला, तर आम्ही आधी ताका खाली घेतो आणि उरलेले मोजतो.