एकटीची पदवी पुरत नाही

मागच्या महिन्यात उदगीरला आमच्या गटाच्या बैठकीत एक आई म्हणाली, “ताई, पोरगी सिव्हिल इंजिनियर झाली. ठेकेदार म्हणतो, बाईमाणसाचं साइटवर काय काम? आता तिचे मामा स्थळं बघायलेत.” कुणाकडंच उत्तर नव्हतं. मी समाजकार्य शिकलेली. यात मला काय कळणार, असंच आधी वाटलं.

पण मैत्रिणींनो, प्रश्न इंजिनियरिंगचा नाही, संघटनेचा आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायकांनी कारखाने चालवले. युद्ध संपताच त्यांना घरी पाठवायला सुरुवात झाली. तेव्हा १९१९ मध्ये लंडनला ‘विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी’ उभी राहिली. त्याच वर्षी मद्रासला ए. ललिता जन्मल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. गिंडीच्या कॉलेजात प्राध्यापक असलेल्या वडिलांनी साथ दिली आणि १९४३ मध्ये त्या विद्युत अभियंता झाल्या. १९५३ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं त्यांना सहसदस्य करून घेतलं.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री-अभियंत्या व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ललिता गेल्या, पण स्वतःपुरत्या; कारण भारतात स्त्री-अभियंत्यांची शाखाच नव्हती. पुढच्या वर्षी त्या लंडनच्या सोसायटीच्या सदस्य झाल्या. १९६७ च्या केंब्रिज परिषदेला त्यांच्या खटपटीनं भारतातून पाच जणी गेल्या. शाखेनं करायचं काम एका बाईनं केलं.

आपल्याकडचंच बघा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) गावांत घरदुरुस्ती निघाली, तेव्हा महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत कशी बळकट करायची हे शिकल्या, इंजिनियरला प्रश्न विचारू लागल्या. ती हिंमत पदवीतून नव्हे, मंडळातून आली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : व्यावसायिक संस्थांच्या शाखा परिसंवाद आणि सत्कारांपुरत्या राहू नयेत. तालुक्यातल्या मुलीला पहिलं काम मिळवून देणं, साइटवर संडास मागणं, छळ झाला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीपर्यंत तिच्यासोबत जाणं, हे शाखेचं काम. आणि शाखा पोचेपर्यंत ते आपलं काम.

पुढच्या बैठकीला त्या मुलीला आणि तिच्यासारख्या शिकून घरी बसलेल्या मुलींना बोलावलं आहे. मामांना निरोप दिलाय : जरा थांबा.