खंड पडला तर बिघडलं कुठे?

मैत्रिणींनो, 'करिअर ब्रेक' हा शब्द आता आपल्या तालुक्याच्या गावातही येऊन पोहोचला आहे. पूर्वी बाईच्या नोकरीत खंड पडला म्हणजे बाळंतपण, नाही तर सासू-सासऱ्यांचं आजारपण, एवढंच आपल्याला सुचायचं. आता पुण्यात संगणक कंपनीत सहा-सात वर्षं काढलेली मुलगी घरी सांगते, "आई, नोकरी थांबवतेय. सहा महिने अंदमानला राहून स्कूबा डायव्हिंग शिकणार." मग घरात एकच प्रश्न, "अगं, पण लग्नाचं काय?"

रागवायच्या आधी हे आहे तरी काय, ते पाहू या. अंदमानातलं हॅवलॉक बेट २०१८च्या डिसेंबरपासून 'स्वराज द्वीप' झालं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी इथे जंगल तोडून शेती केली, गावं वसवली. आज तिथे पर्यटकांना समुद्राखालचं जग दाखवणारे बरेच व्यवसाय उभे आहेत. पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा, १८ मीटर खोलीपर्यंतचा. पण त्यातच पोटापाण्याचं साधन शोधायचं, तर 'डाइव्हमास्टर' व्हावं लागतं. 'पाडी' या जगभर चालणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार त्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि पाण्याखाली उतरल्याच्या किमान ६० नोंदी हव्यात. शिकवण्याची परीक्षा द्यायची तर १०० नोंदी. शिवाय हवेची जड सिलिंडरं बोटीवर चढवायची, सामान धुवायचं, घाबरलेल्या पर्यटकाला धीर द्यायचा. फोटोत दिसतं निळं पाणी, बाकी सगळी अंगमेहनत.

मग हे कोणाला जमतं? राहणं, जेवण, फी धरून खर्च लाखाच्या वर जातो. ज्या मुलीच्या पगारावर घराचा हप्ता आणि धाकट्याचं शिक्षण चालतं, तिला हा विचारही परवडत नाही. दुसरी अडचण आपल्याच गावातली आहे. पहिल्याच कोर्समध्ये २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं. आपल्यापैकी किती जणींनी मुलीला पोहायला घातलं? मुलगा विहिरीत उड्या मारतो आणि मुलगी काठावर कपडे सांभाळते! धाडसाचं दार असं लहानपणीच बंद होतं.

माझ्या मते खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत आढळलं की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. म्हणजे बिनपगारी कामासाठी बाईने रोज पावणेपाच तास द्यायचे, ते कर्तव्य; आणि तिने स्वतःसाठी सहा महिने मागितले की तो हट्ट. बचत गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "मी दहा वर्षं नोकरी सोडून घर सांभाळलं, तर कोणी विचारलं नाही की पुढे काय करणार." खरंच आहे. घरासाठी घेतलेल्या खंडानंतर परत कामावर जाणंही सोपं नसतं. मुलाखतीत विचारतात, "एवढी वर्षं काय करत होतात?" मला वाटतं, समुद्रात घालवलेले सहा महिने काय किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सेवा काय, दोन्ही अर्जात मान वर करून लिहिता आली पाहिजेत.

याचा अर्थ डोळे मिटून हो म्हणायचं, असं नाही. आईने प्रश्न जरूर विचारावेत, पण 'लोक काय म्हणतील' हा नव्हे. नोकरी सोडतेस की बिनपगारी रजा घेतेस? ते लेखी आहे का? कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपत असेल, तर स्वतःचा काढलास का, आणि त्यात डायव्हिंगचा अपघात धरतात का? परत आल्यावर चार महिने काम मिळालं नाही, तर हाताशी पैसे आहेत का? पावसाळ्यात समुद्र खवळतो, पर्यटक घटतात. तेव्हा कमाईचं काय? दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गरोदरपणात तर मुळीच नाही. खोलवरून घाईने वर आलं, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच अनेकदा बुडी मारल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये, असं सांगतात.

आणि एकदम सहा महिन्यांची उडी कशाला? आपल्या मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. आधी तिथे पाण्यात उतरून पाहा म्हणावं. मन रमलं तर पुढचं बेट.

आपल्या मंडळाने या उन्हाळ्यात एवढं तरी करावं. नगरपालिकेचा तलाव असेल तिथे मुलींसाठी आणि बायकांसाठी वेगळी वेळ मागावी, अर्ज द्यावा, पाठपुरावा करावा. अंदमानला सगळ्याच जाणार नाहीत. पण पाण्याची भीती गेलेली मुलगी पुढे आपला निर्णय आपण घ्यायलाही सहसा कचरत नाही.